युरिकेजला न जुमानणारे स्फटिक : डॅनियल मॅकार्टी यांच्या संशोधनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

१९६० च्या सुमारास एखादा रुग्ण एका रात्रीत सुजलेला, लाल झालेला आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन न होणारा सांधा घेऊन आला, तर तो गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडशी निगडित सांध्यांचा आजार, आहे की नाही हे ठरवण्यासाठी डॉक्टरांकडे मुख्यतः तीन आधार होते: रक्तातील युरिक अ‍ॅसिडची पातळी, पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्याकडे या आजाराचा असलेला ओढा, आणि कोल्चिसिन हे दाहशामक औषध दिल्यावर वेदना ओसरतात की नाही याचे निरीक्षण. तिन्ही आधार कच्चे होते. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेले असूनही आयुष्यभर गाऊट न होणारी माणसे पुष्कळ असतात, आणि उलट ऐन झटक्याच्या वेळी ही पातळी सामान्य मर्यादेत उतरलेली आढळू शकते. अंगठ्याचा सांधा इतर कारणांनीही सुजतो, आणि गाऊट गुडघ्यात, घोट्यात, मनगटातही होतो. कोल्चिसिनने गुण येणे हा पुष्कळांना निर्णायक पुरावा वाटत असे, परंतु गाऊट नसलेल्या सांध्यांतील काही दाहही त्याने ओसरतात, हे पुढे याच प्रकरणातून स्पष्ट झाले.

निदानाच्या या अडचणीमागे कारणाचा जुना प्रश्न दडलेला होता. लंडनचे वैद्य आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड यांनी १८४८ साली गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक अ‍ॅसिडचे प्रमाण वाढलेले असते हे दाखवले आणि १८५९ मध्ये आणखी पुढे जाऊन, सांध्यात साचलेले सोडियम युरेट (युरिक अ‍ॅसिडचे लवण) हे दाहाचे कारण आहे, परिणाम नव्हे, असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले. १८९९ साली माक्स फ्रॉइडवायलर यांनी युरेटचे स्फटिक ऊतींमध्ये टोचले की तेथे दाह उसळतो, असे जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. इतका पुरावा हाताशी असतानाही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कल्पना मागे पडली. याचे एक कारण समजण्यासारखे आहे: रक्तातील युरिक अ‍ॅसिड वाढले म्हणून झटका येतोच असे नाही, आणि ते औषधाने झपाट्याने कमी केले तर कधीकधी झटका उलट ओढवतो. ज्याची पातळी आणि आजाराची तीव्रता यांचा मेळ बसत नाही, ते मूळ कारण कसे असेल, असा प्रश्न त्या पिढीला पडला आणि युरेट हे केवळ आजाराच्या ठिकाणी सापडणारे अवशेष मानले जाऊ लागले. द्रवात विरघळलेले युरेट आणि घनरूप स्फटिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सांध्याला त्यांतील दुसरीच गोष्ट खटकते, हा भेद त्या युक्तिवादात निसटला होता.

या प्रकरणात मला महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा आधीच सांगतो. अमेरिकी संधिवाततज्ज्ञ डॅनियल मॅकार्टी यांचे नाव सहसा गाऊटमधील सुईसारख्या स्फटिकांशी जोडले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या कामाला जे वजन आले, ते त्या चौकटीत न बसणाऱ्या काही नमुन्यांकडे त्यांनी ज्या गांभीर्याने पाहिले त्यामुळे आले, असे माझे मत आहे.

काचपट्टीवरील पुरावा

फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेफ हॉलंडर हे त्या काळातील एक आघाडीचे संधिवाततज्ज्ञ होते. सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचण्याची पद्धत त्यांनी १९५१ साली मांडली होती, आणि त्यामुळे सांध्यात सुई घालणे, त्यातील द्रव बाहेर काढणे आणि तो पाहणे हे त्यांच्या विभागात नित्याचे काम होते. ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण शोध कुठे लागतो हे अनेकदा अशा सवयींवर ठरते. ज्या विभागात सांध्यातील द्रव रोज हाती येत नाही, तेथे त्यात काय आहे हा प्रश्नही उठत नाही. हॉलंडर आणि मॅकार्टी यांनी या द्रवाचा ताजा थेंब कोणताही रंग न देता काचपट्टीवर घेतला आणि तो ध्रुवीकृत प्रकाशात पाहिला.

या तपासणीचे तंत्र थोडक्यात समजून घ्यावे लागेल, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. सूक्ष्मदर्शकात प्रकाशाच्या वाटेवर दोन ध्रुवकारक गाळण्या एकमेकींशी काटकोनात बसवल्या की दुसऱ्या गाळणीतून प्रकाश बाहेर येत नाही आणि दृश्यपटल काळे दिसते. मध्ये एखादा असा स्फटिक आला की जो त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे दोन वेगवेगळ्या गतींच्या किरणांत विभाजन करतो, तर तो त्या काळोखात चमकू लागतो. यालाच द्विअपवर्तन म्हणतात. याच मार्गात एक विशिष्ट लाल पट्टी, म्हणजे कॉम्पेन्सेटर, ठेवली की पार्श्वभूमी गुलाबी-जांभळी होते आणि स्फटिकांना दिशेनुसार पिवळा किंवा निळा रंग येतो. मोनोसोडियम युरेटचा सुईसारखा स्फटिक त्या पट्टीच्या मंद अक्षाला समांतर असताना पिवळा आणि काटकोनात असताना निळा दिसतो. त्याचे द्विअपवर्तन ठळक आणि ऋण स्वरूपाचे असते. म्हणजे चमकणारे काहीतरी दिसले एवढ्यावर न थांबता, ते कोणत्या जातीचे आहे याचा प्राथमिक अंदाज त्याच काचपट्टीवर घेता येतो.

मॅकार्टी आणि हॉलंडर यांचा लेख १९६१ साली प्रसिद्ध झाला. गाऊटच्या रुग्णांच्या सांध्यातील द्रवात, पुष्कळदा पांढऱ्या पेशींच्या पोटात शिरलेल्या अवस्थेत, युरेटच्या सुया दिसतात, हे त्यात दाखवले होते. परंतु केवळ आकार आणि रंग यांवर रासायनिक ओळख ठरवणे त्यांनी पुरेसे मानले नाही. युरिकेज नावाचे विकर युरिक अ‍ॅसिडचे विघटन करते. माणसाच्या शरीरात ते नसते, कारण उत्क्रांतीच्या ओघात त्याचे जनुक निकामी झाले आहे, आणि म्हणूनच आपल्या रक्तात युरिक अ‍ॅसिड इतर बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त असते. काचपट्टीवरील स्फटिकांवर युरिकेजची क्रिया घडवल्यावर ते नाहीसे झाले, तर ते युरेटचेच होते याला स्वतंत्र पुष्टी मिळते. ही दुहेरी तपासणी त्या वेळी अनेकांना जास्तीची वाटली असती. सुया दिसत होत्या, रुग्णांना गाऊट होता, लेख लिहायला एवढे पुरले असते.

न विरघळलेले स्फटिक

याच दुहेरी तपासणीमुळे काही नमुने वेगळे पडले. अचानक सुजलेल्या सांध्यांतून काढलेल्या काही द्रवांत स्फटिक होते, ते पेशींच्या पोटातही होते, रुग्णाचा इतिहासही गाऊटसारखाच होता; परंतु युरिकेजने ते विरघळत नव्हते. नीट पाहिल्यावर त्यांचा आकार सुईपेक्षा आखूड, कांडीसारखा किंवा तिरप्या चौकोनासारखा दिसत होता, त्यांची चमक क्षीण होती आणि कॉम्पेन्सेटरखाली त्यांचे रंग युरेटच्या उलट येत होते.

संशोधनात असा क्षण आला की पुढे जाण्याच्या अनेक वाटा असतात. विकर जुने झाले असेल, नमुना दूषित झाला असेल, रुग्णाचे निदानच चुकले असेल, असे म्हणून हे थोडे नमुने बाजूला ठेवता आले असते, आणि तसे केल्याने मुख्य निष्कर्षाला धक्काही लागला नसता. मॅकार्टी यांनी हे नमुने स्वतंत्र प्रश्न म्हणून हाती घेतले. त्यासाठी सूक्ष्मदर्शक पुरेसा नव्हता. स्फटिकातील अणूंची मांडणी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे क्ष-किरण विवर्तन: स्फटिकावर क्ष-किरण टाकले की ते ठरावीक कोनांत विखुरतात, आणि त्या विखुरण्याचा आराखडा प्रत्येक पदार्थाचा स्वतःचा असतो. कोन, ह्यूज, मॅकार्टी आणि फेअर्स यांनी या पद्धतीने हे स्फटिक कॅल्शियम पायरोफॉस्फेट डायहायड्रेटचे आहेत असे सिद्ध केले. १९६२ साली दोन जोडलेख प्रसिद्ध झाले. एकात रुग्णांचे वर्णन होते आणि दुसऱ्यात स्फटिकांची ओळख. गाऊटसारखा दिसणारा, पण गाऊट नसलेला हा आजार त्यांनी स्यूडोगाउट या नावाने मांडला.

या शोधाचा क्ष-किरण छायाचित्रांशी असलेला दुवाही तेवढाच महत्त्वाचा आहे. त्याच्या थोडे आधी, चेकोस्लोव्हाकियात झितन्यान आणि सितय यांनी काही कुटुंबांत अनेक सांध्यांच्या कूर्चेत कॅल्शियमचे थर दिसतात असे वर्णन केले होते, विशेषतः गुडघ्याच्या आतील अर्धचंद्राकृती कूर्चेत. छायाचित्रात दिसणारी ती बारीक पांढरी रेघ आणि द्रवात सापडलेले हे चौकोनी स्फटिक एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत, हे लक्षात आल्यावर रेडिओलॉजी आणि सूक्ष्मदर्शक यांची सांगड बसली. वयस्क रुग्णांच्या गुडघ्याच्या छायाचित्रात ही रेघ आज वारंवार दिसते आणि पुष्कळदा त्यांना कोणताही त्रास नसतो; पण सांधा अचानक सुजला असेल, तर ती रेघ पाहून द्रव काढून तपासण्याची दिशा मिळते. साठीच्या आत असा आजार आढळला तर डॉक्टर परावटू ग्रंथीचे अतिकार्य, शरीरात लोह साचण्याचा आनुवंशिक विकार किंवा मॅग्नेशियमची कमतरता यांचा शोध घेतात, कारण या अवस्थांत कॅल्शियम पायरोफॉस्फेट लवकर साचते.

येथे थोडे थांबून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. दुसरा स्फटिक सापडल्याने पहिल्या स्फटिकाबद्दलचा दावा दुबळा होण्याऐवजी बळकट झाला. एकच पदार्थ सापडत असता, तर त्यात युरेटचा काही विशेष रासायनिक गुण असेल किंवा गाऊटच्या रुग्णांच्या शरीरात आणखी काही बिघाड असेल, अशी शंका राहिली असती. आता रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी काहीही नाते नसलेले दोन पदार्थ, वेगवेगळ्या रुग्णांत, जवळजवळ एकसारखा तीव्र दाह घडवत होते आणि दोन्ही ठिकाणी पांढऱ्या पेशी त्यांना गिळत होत्या. समान धागा एकच होता: सूक्ष्म, घन, टोकदार कण. स्फटिकजन्य संधिदाह ही एक स्वतंत्र गटवारी असावी ही कल्पना येथून उभी राहिली. कोल्चिसिनने उतार पडला म्हणजे गाऊट, हा जुना निकषही येथेच कोसळला, कारण पायरोफॉस्फेटच्या झटक्यातही कोल्चिसिन उपयोगी पडते.

गुडघ्यातील प्रयोग

दाह झालेल्या जागी एखादी गोष्ट सापडणे आणि त्या गोष्टीने दाह घडवणे, यांत अंतर आहे. ते अंतर पार करण्यासाठी स्फटिक निरोगी सांध्यात टाकून काय होते ते पाहणे आवश्यक होते. फेअर्स आणि मॅकार्टी यांनी प्रयोगशाळेत सोडियम युरेटचे स्फटिक तयार करून ते कुत्र्यांच्या सांध्यांत टोचले, आणि त्याचबरोबर स्वतःच्या गुडघ्यांतही टोचून घेतले. काही तासांतच गुडघे सुजले, तीव्र वेदना सुरू झाल्या, आणि गाऊट नसलेल्या दोन माणसांत गाऊटचा झटका हुबेहूब उभा राहिला. हा अहवाल १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सीगमिलर, हॉवेल आणि मालाविस्टा यांनीही स्वतंत्रपणे युरेटच्या स्फटिकांनी दाह घडतो असे दाखवले. दोन गटांनी एकाच वेळी, परस्परांवर अवलंबून न राहता एकच निष्कर्ष काढल्यामुळे गॅरॉड यांची शंभर वर्षांपूर्वीची कल्पना पुन्हा मुख्य प्रवाहात आली. फ्रॉइडवायलर यांच्या विस्मृतीत गेलेल्या लेखाचे संक्षिप्त इंग्रजी भाषांतर ब्रिल आणि मॅकार्टी यांनी १९६४ साली टिपणांसह प्रसिद्ध केले. आधी झालेल्या कामाचे श्रेय उजेडात आणण्याचा हा प्रामाणिकपणा मला या प्रकरणातील सर्वांत आदरणीय बाबींपैकी एक वाटतो. आपल्या शोधाचे नावीन्य त्यामुळे कमी होईल हे ठाऊक असतानाही तो केला गेला.

संशोधकांनी स्वतःवर केलेल्या या प्रयोगाचे मूल्यमापन सावधपणे करायला हवे. माणसांवरील प्रयोगांसाठीच्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेच्या पाचव्या कलमात, मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता असलेले प्रयोग निषिद्ध ठरवताना, प्रयोग करणारे वैद्य स्वतःच सहभागी असतील तर कदाचित अपवाद होऊ शकेल, असा उल्लेख आहे. हेलसिंकी घोषणापत्र १९६४ साली, म्हणजे या प्रयोगानंतर आले. आज अशा प्रयोगालाही नैतिकता समितीची परवानगी लागेल, आणि ती लागावीच, कारण सांध्यात टोचलेला पदार्थ निर्जंतुक नसेल तर सांधा कायमचा निकामी होऊ शकतो, आणि स्वतःची संमती स्वतःकडून घेताना उत्साह विवेकावर मात करण्याची भीती असते. दुसरीकडे, प्रयोगाच्या रचनेकडे पाहिले तर दोनच व्यक्ती, दोघेही निष्कर्षाची अपेक्षा बाळगणारे, ही त्याची मर्यादा स्पष्ट आहे. वेदना किती झाली हे सांगणारे साक्षीदार स्वतःच संशोधक होते. म्हणून या प्रयोगाचा खरा आधार त्याच लेखातील कुत्र्यांवरील निरीक्षणे आणि दुसऱ्या गटाचे समांतर काम हा होता. माणसांतील निरीक्षणाने एवढेच ठरले की प्राण्यांत दिसलेली प्रक्रिया माणसालाही लागू आहे.

सांध्यात टोचलेल्या स्टेरॉइडच्या औषधांबाबतही याच तर्काने एक कोडे सुटले. सांध्यात स्टेरॉइड टोचल्यावर काही रुग्णांत दुसऱ्या दिवशी दुखणे उलट वाढत असे, आणि औषध दाहशामक असल्यामुळे हे कसे घडते हे कळत नव्हते. मॅकार्टी आणि होगन यांनी १९६४ साली दाखवले की ही औषधे सूक्ष्म स्फटिकांच्या स्वरूपात असतात आणि ते स्फटिक स्वतःच तात्पुरता दाह घडवू शकतात. सांध्यातील द्रव तपासणाऱ्याला आजही ही माहिती उपयोगी पडते, कारण पूर्वी टोचलेल्या स्टेरॉइडचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली चमकतात आणि अननुभवी नजरेला फसवू शकतात.

पुढचा प्रश्न असा होता की स्फटिक थेट सांध्याच्या अस्तराला इजा करतात, की मध्ये आणखी कोणी काम करते? १९६६ साली फेल्प्स आणि मॅकार्टी यांनी कुत्र्यांना विनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध देऊन त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी केल्या आणि मग सांध्यात युरेटचे स्फटिक टोचले. दाह जवळजवळ झालाच नाही. त्याच सांध्याला पांढऱ्या पेशी असलेल्या रक्ताचा पुरवठा दिल्यावर दाह परतला. म्हणजे स्फटिक स्वतः शस्त्र नव्हते. त्यांना गिळण्यासाठी धावून आलेल्या न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी आणि त्यांच्यातून बाहेर पडणारी रसायने हे सांध्याच्या वेदनेचे प्रत्यक्ष साधन होते. एक गोष्ट काढून टाकायची, परिणाम थांबतो का पाहायचे, ती परत द्यायची, परिणाम परततो का पाहायचे: कारणमीमांसेचा इतका स्वच्छ प्रयोग वैद्यकात वारंवार भेटत नाही.

शांत सांध्यातील स्फटिक

स्फटिक हे कारण ठरले, तरी एक अवघड निरीक्षण बाकी राहिले. गाऊटच्या रुग्णाच्या ज्या सांध्यात त्या वेळी काहीही दुखत नाही, त्यातून द्रव काढला तर त्यातही युरेटचे स्फटिक बरेचदा सापडतात. स्फटिक दाह घडवतात, तर हा सांधा शांत कसा? जुन्या पिढीने युरिक अ‍ॅसिडबद्दल विचारलेला प्रश्नच येथे नव्या रूपात उभा राहतो, आणि त्याला टाळून पुढे जाणे योग्य नाही.

या प्रश्नाची उत्तरे तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली आहेत. स्पेनचे एलिसेओ पास्कुआल यांनी १९९१ साली दाखवले की असे सांधे पूर्णपणे शांत नसतात. त्यांच्या द्रवात पांढऱ्या पेशींचे प्रमाण किंचित वाढलेले असते, म्हणजे अल्प प्रमाणात दाह चालूच असतो. स्फटिकांच्या पृष्ठभागावर चिकटणाऱ्या प्रथिनांवरही बरेच अवलंबून असते: काही प्रथिने पेशींना चेतवतात, तर रक्तातील चरबीवाहक कणांमधील अपोलिपोप्रोटीन बी त्यांचा प्रभाव झाकते. सांध्यात साचलेल्या स्फटिकांच्या ठेवीतून ताजे स्फटिक अचानक सुटले की झटका उसळतो, आणि औषधाने युरिक अ‍ॅसिड झपाट्याने कमी करताना झटके का येतात याचा उलगडाही यातून होतो. ठेवी विरघळू लागताना त्यांची पकड सैल होते. त्यामुळेच युरेट कमी करणारे औषध सुरू करताना ते कमी मात्रेपासून वाढवत नेणे आणि सुरुवातीचे काही महिने सोबत कोल्चिसिन देणे ही पद्धत रुढ झाली.

पेशीच्या आत काय घडते याचे उत्तर २००६ साली मिळाले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील फॅबियो मार्टिनॉन, युर्ग चॉप आणि सहकाऱ्यांनी दाखवले की युरेटचे आणि कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक पेशीतील एनएलआरपी३ इन्फ्लेमासोम नावाची प्रथिन-यंत्रणा सुरू करतात, आणि त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहक प्रथिन बाहेर पडते. १९६२ साली केवळ समान लक्षणांवरून जोडलेले दोन स्फटिक येथे एकाच रेणवीय दारावर येऊन भेटले. पुढच्याच वर्षी लोझानमधूनच, इंटरल्यूकिन-१ ला अडवणाऱ्या अनाकिन्रा या औषधाने तीव्र गाऊट ओसरतो, असा एका लहान गटावरील अनुभव प्रसिद्ध झाला.

या काळात सूक्ष्मदर्शकाची जागा कमी झाली नाही. २०१५ साली अमेरिकी आणि युरोपीय संधिवात संघटनांनी संयुक्तपणे मांडलेल्या गाऊटच्या वर्गीकरण निकषांत, लक्षणे असलेल्या सांध्यात किंवा युरेट साचून झालेल्या गाठीत युरेटचे स्फटिक दिसणे हे इतर कोणत्याही गुणांकनाशिवाय पुरेसे मानले आहे. व्यवहारात मात्र ही तपासणी कौशल्याची आहे. नमुना ताजा असावा लागतो. कॅल्शियम ऑक्झलेट तयार होईल असे गोठणरोधक घातलेल्या नळीत तो घेतला तर खोटे स्फटिक दिसतात. हातमोज्यांवरील पावडरचे कण फसवतात. युरेटच्या ठळक सुया बहुतेक प्रशिक्षित नजरांना सापडतात, परंतु पायरोफॉस्फेटचे क्षीण चमकणारे छोटे स्फटिक सर्वाधिक निसटतात, आणि त्यांचे निदान राहून जाणे ही आजही संधिवाततज्ज्ञांची नेहमीची तक्रार आहे. सर्वांत धोकादायक गृहीतक वेगळेच आहे: स्फटिक दिसले म्हणजे जंतुसंसर्ग नाही असे समजणे. गाऊट आणि जंतूंनी झालेला संधिदाह एकाच सांध्यात एकत्र असू शकतात, म्हणून ताप असलेल्या रुग्णाच्या द्रवाची ग्रॅम तपासणी (जंतू रंगवून पाहणे) आणि जंतूंची वाढ पाहणे टाळता येत नाही.

दोन स्फटिकांचे दोन मार्ग

मॅकार्टी पुढे शिकागो विद्यापीठात आणि नंतर मिलवॉकीतील विस्कॉन्सिन वैद्यकीय महाविद्यालयात गेले. तेथे त्यांनी खांद्याच्या सांध्याची झपाट्याने होणारी झीज आणि कॅल्शियमचे एक लवण असलेले हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट स्फटिक यांच्यातील संबंध १९८१ साली मांडला. त्याला मिलवॉकी खांदा असे नाव मिळाले. कॅल्शियमच्या लवणांचा त्यांचा पाठपुरावा १९६० च्या दशकातील त्या न विरघळलेल्या नमुन्यांपासून अखंड चालू राहिला, असे मी मानतो.

युरेटच्या बाबतीत कारणमीमांसेची साखळी शेवटच्या कडीपर्यंत पोहोचली. स्फटिक दिसले, ओळखले गेले, टोचल्यावर आजार उभा राहिला, आणि काढून टाकल्यावर आजार थांबतो हेही दाखवता आले. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या अ‍ॅलोप्युरिनॉलला १९६६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि युरिक अ‍ॅसिडची निर्मितीच रोखणे शक्य झाले. मोनोसोडियम युरेट शरीराच्या तापमानाला प्रति डेसिलिटर सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर संपृक्त होते. रक्तातील पातळी दीर्घकाळ ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवली, आणि गाठी असतील तर ५ च्या खाली, की साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. पास्कुआल आणि सिवेरा यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचाराने सांध्यातील द्रवातून स्फटिक नाहीसे झाले, आणि त्याला लागणारा काळ रुग्णाला गाऊट किती वर्षांपासून होता त्यावर अवलंबून होता. ज्याचा आजार जुना, त्याच्या सांध्यातील ठेव मोठी.

कॅल्शियम पायरोफॉस्फेटच्या बाबतीत ही शेवटची कडी अजून जोडली गेलेली नाही. हे स्फटिक विरघळवणारे किंवा त्यांची वाढ थांबवणारे सिद्ध झालेले औषध आज उपलब्ध नाही. २००२ साली एएनकेएच या जनुकातील दोष काही कुटुंबांतील या आजारामागे सापडला. ते जनुक पायरोफॉस्फेट पेशीबाहेर जाण्यावर नियंत्रण ठेवते, आणि म्हणून आजाराची रासायनिक दिशा पुष्कळशी समजली आहे, परंतु पेशीबाहेरील पायरोफॉस्फेट हा कूर्चेत इतर प्रकारचे कॅल्शियम साचू न देणारा घटकही असल्यामुळे ते सरसकट कमी करणे धोक्याचे ठरू शकते. त्यामुळे उपचार दाहापुरते मर्यादित आहेत: सांध्यातील द्रव काढून त्यात स्टेरॉइड टोचणे, थोड्या दिवसांचे तोंडी स्टेरॉइड, किंवा कोल्चिसिन. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका यादृच्छिक चाचणीत वयस्क रुग्णांच्या तीव्र झटक्यात कोल्चिसिन आणि प्रेडनिसोन हे तोंडी स्टेरॉइड यांचा परिणाम सारखा आढळला. फरक दुष्परिणामांत होता, आणि वयस्क रुग्णांच्या मूत्रपिंडांची स्थिती, मधुमेह आणि घेत असलेली इतर औषधे पाहून निवड करावी लागते. वारंवार येणाऱ्या झटक्यांसाठी मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचीही चाचणी झाली, पण त्याचा फायदा सिद्ध झाला नाही. गुडघ्याच्या छायाचित्रात दिसणारी ती पांढरी रेघ उपचारानंतरही तशीच राहते, आणि पुढचा झटका आला की द्रव काढून पुन्हा काचपट्टीवर घ्यावा लागतो.